आठ सेकंदांचं मौन

डॉक्टरसाहेब औषध देत नाहीत, हे नव्या शेजाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात कळायचं. कुणीतरी तापाने फणफणलेलं पोर खांद्यावर टाकून दार वाजवायचं आणि साहेब ओशाळून सांगायचे, की बाबा रे, मी ईश्वरविज्ञानाचा डॉक्टर, माझ्या घरात साधा थर्मामीटरही नाही. माणूस सज्जन, हुशार, नाकासमोर चालणारा. आठवडाभर धर्मशिक्षणाच्या कॉलेजात शिकवायचे, रविवारी चर्चमध्ये उपदेश करायचे आणि उरलेल्या वेळात एकाच गोष्टीचा ध्यास. देव चर्चच्या चार भिंतींत सापडतो असं समजून बसलेल्यांनी जरा बाहेर पडावं. सिनेमे, नाटकं, वर्तमानपत्रं, देव न मानणाऱ्यांचे प्रश्न, सगळं कान देऊन ऐकावं. यावर त्यांनी तीन जाडजूड पुस्तकं लिहिली होती. गंमत एवढीच, की स्वतः साहेब गेल्या अकरा वर्षांत एकदाही नाट्यगृहाची पायरी चढले नव्हते. वेळच मिळाला नाही, म्हणायचे. पुस्तकं लिहायची होती ना.

मग नाटकच त्यांच्या दारात येऊन उभं राहिलं.

झालं असं, की गावातल्या एकुलत्या एका नाट्यगृहाचं छप्पर दुरुस्तीला काढलं आणि एका नाटकमंडळीने तीन संध्याकाळींसाठी चर्चचा हॉल मागितला. मागणीच्या पत्राखाली दिग्दर्शिकेची सही होती. सही साहेबांनी दोनदा वाचली. ती त्यांची सख्खी धाकटी बहीण. लहानपणी वडील तिला ठिणगी म्हणायचे आणि ते नाव तिने आयुष्यभर खरं करून दाखवलं.

सहा वर्षं ठिणगी दादाशी धड बोललेली नव्हती. कारण चर्चच्या अख्ख्या मंडळीला ठाऊक होतं. आई गेली, तेव्हा अंत्यविधीचा उपदेश साहेबांनीच केला. चाळीस मिनिटं. दुःख का येतं, देव ते का येऊ देतो, त्यातून काय शिकायचं, सगळं मुद्देसूद. विसाव्या मिनिटाला ठिणगी पहिल्या रांगेतून उठली, मधल्या वाटेने सरळ चालत दाराबाहेर गेली आणि परत आली नाही. त्यानंतर वर्षाला एखादं पत्र, तेही दोन ओळींचं.

आता तिचं नाटक बघा, त्यात मुख्य कामही तिचंच. एक सरकारी कचेरी. एका बाईचा मुलगा आजाराने गेलाय आणि ती देवाविरुद्ध तक्रार नोंदवायला आलीय. काउंटरवरचा कारकून म्हणतो, साहेब जागेवर नाहीत, अर्ज टाकून जा. बाई रोज येते, रोज अर्ज लिहिते, काउंटरच्या फटीतून आत टाकते. शेवटच्या अंकात ती कारकुनाला बाजूला सारते आणि थेट देवालाच म्हणते, बोल. मग स्तब्धता. कुणीच बोलत नाही. बाई वाट बघते आणि शेवटी म्हणते, "बरं. मी उद्या परत येते." पडदा.

अशा नाटकाला चर्चचा हॉल द्यायचा म्हणजे कल्पना करा. चर्चचा कारभार बघायला मंडळीने निवडून दिलेले सात ज्येष्ठ असतात, त्यांना वडील म्हणतात. त्यांची बैठक बसली आणि तीन तास धुमसली. अध्यक्ष होते घड्याळवाले. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि माणूसही तसाच, वेळेचा पक्का, बोलणं मोजकं. उपदेश लांबला की पहिल्या रांगेत बसून खिशातलं घड्याळ काढून बघायचे आणि साहेबांची पुढची दोन पानं आपोआप गळायची. घड्याळवाल्यांनी तोडगा काढला. पहिला प्रयोग होऊ द्या. सातही वडील पुढच्या रांगेत बसतील, आठवी खुर्ची डॉक्टरसाहेबांची. प्रयोग संपला की मागच्या खोलीत साहेबांनी आपलं मत सांगायचं. ते नको म्हणाले, तर उरलेले दोन प्रयोग रद्द.

"तुम्ही या विषयावर तीन पुस्तकं लिहिलीत," घड्याळवाले म्हणाले. "आता चौथं तोंडी सांगा."

हे ठिणगीला सांगायला साहेब हॉलवर गेले, तेव्हा ती स्टेजवर बसून काउंटरला खिळे ठोकत होती.

"म्हणजे निकाल तू देणार," ती म्हणाली.

"निकाल नाही गं, अहवाल."

"तेच ते. ऐक दादा. तू नको म्हणालास तर मी भांडणार नाही. सामान उचलीन आणि जाईन. पण मग या गावात माझं कुणी उरलं नाही, असं समजेन."

ती हे रागाने म्हणाली असती, तर साहेबांना बरं वाटलं असतं. पण ती हातोडी खाली ठेवून अगदी साध्या आवाजात म्हणाली. साहेब घरी येताना तीन वेळा चुकीच्या गल्लीत वळले.

त्यानंतर साहेब प्रत्येक तालमीला हजर. अहवालासाठी, असं स्वतःला बजावत. पहिल्या दिवशी वही-पेन घेऊन शेवटच्या रांगेत, दुसऱ्या दिवशी मधल्या, तिसऱ्या दिवशी स्टेजच्या कडेला कोपर टेकून. कारकुनाचं काम करणारा नट दिवसा चष्म्याच्या दुकानात नोकरीला होता. तो साहेबांना म्हणाला, तुमच्या वहीत आमच्या संवादांपेक्षा तुमच्या टिपाच जास्त. खरंच होतं ते. पण साहेबांना काहीतरी झालं होतं. चारशे पानांत जे सिद्ध करायला ते धडपडत होते, ते इथे प्लायवूडच्या काउंटरपाशी घामाघूम होऊन चालत होतं. देव न मानणारी पाच माणसं रोज संध्याकाळी देवाशी इतक्या पोटतिडकीने भांडत होती, की साहेब वहीत लिहायचंच विसरायचे. वर्गात ते इतक्या जोशात शिकवायला लागले, की विद्यार्थी एकमेकांकडे बघायला लागले.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी तीन वाजता घात झाला. नाटकमंडळीच्या प्रॉम्प्टरबाई, निवृत्त शाळाशिक्षिका, तीस वर्षं नटांना विसरलेल्या ओळी कुजबुजत आलेल्या, दुपारच्या झोपेतून उठल्या त्या आवाज गमावून. साधी कुजबूजही निघेना. हातवारे करत होत्या, डोळ्यांत पाणी. प्रयोग सहाला. आणि कारकुनाला दुसऱ्या अंकातले संवाद सलग कधीच आठवायचे नाहीत. प्रॉम्प्टर नाही म्हणजे नाटक नाही.

"मी करतो," साहेब म्हणाले. शब्द तोंडातून निघून गेल्यावर त्यांना कळलं, आपण काय बोललो.

ठिणगीने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू? दादा, प्रॉम्प्टरचं काम काय असतं ठाऊक आहे? दोन तास गप्प बसायचं. तुला कधी जमलंय?"

"संहिता मला पाठ आहे."

"तोच तर घोळ आहे."

पण दुसरं होतं कोण. चर्चच्या हॉलला विंगही धड नव्हती, म्हणून बाईंची जागा ठिणगीने काउंटरच्या पोटातच केली होती. आत बुटकं स्टूल, एक टॉर्च, आणि समोर अर्ज टाकायची फट. साहेब उंच माणूस. गुडघे हनुवटीला लावून कसेबसे आत कोंबले गेले. कारकुनाचे पाय त्यांच्या बरगड्यांना लागत होते. त्याने वाकून विचारलं, साहेब, श्वास चालू आहे ना.

शेवटचा प्रवेश एकदा करून बघू, ठिणगी म्हणाली. तिने कारकुनाला बाजूला सारलं, म्हणाली, "बोल." मग स्तब्धता. साहेब आत बसून ऐकत होते. एक, दोन, तीन. चार, पाच. सहा, सात, आठ.

"बरं. मी उद्या परत येते," काउंटर बोललं.

कारकून फस्सकन हसला. ठिणगी हसली नाही. ती फटीपाशी वाकली आणि तिचे डोळे साहेबांना दिसले.

"मी ओळ विसरले नव्हते, दादा. तिथे वाट बघायचीय."

"अगं, मला वाटलं, तू अडलीस."

"आईच्या वेळीही हेच केलंस. म्हणालास, आपण क्षणभर शांत राहू या. मी डोळे मिटले. आईचा चेहरा नुकता कुठे समोर येत होता, तेवढ्यात तू सुरू झालास. चाळीस मिनिटं. मला तिच्यासाठी रडायचं होतं रे, आणि तू मला मुद्दे सांगत होतास."

 सहा वर्षं साहेब समजत होते, की बहिणीला आपला युक्तिवाद पटला नाही. तिसऱ्या पुस्तकात त्यांनी तो सुधारूनही लिहिला होता.

ठिणगीने डोळे पुसले आणि कामाचं बोलली. "मला खरंच ओळ लागली तर मी डावा हात काउंटरच्या कडेवर टेकवीन. हात टेकला तर बोल. नाही टेकला तर जीभ चाव. कबूल?"

"कबूल," साहेब काउंटरच्या पोटातून म्हणाले.

सहाला हॉल खच्चून भरला. नाटकवाले एका बाजूला, चर्चवाले दुसऱ्या, मधल्या वाटेने जणू सरहद्दच आखलेली. पुढच्या रांगेत सात वडील ताठ बसले होते आणि आठवी खुर्ची रिकामी. साहेबांना फटीतून वडिलांचे बूटच दिसत होते. घड्याळवाल्यांचे नेहमीसारखे चकचकीत. त्यांनी शेजाऱ्याला विचारलेलंही ऐकू आलं, "डॉक्टरसाहेब कुठे राहिले?" साहेबांनी स्टुलावर अंग चोरून घेतलं, आधीच जेवढं चोरलं होतं त्याहूनही जास्त.

नाटक सुरू झालं आणि साहेब भीती विसरले. आतून नाटक बघणं म्हणजे काय मजा असते. नटांचे श्वास ऐकू येतात, पायाखालच्या फळ्या कुरकुरतात, हशा आला की प्लायवूड थरथरतं. दुसऱ्या अंकात कारकून अडला, अगदी अपेक्षित जागी. साहेबांनी ओळ पुरवली, त्याने ती झेलली आणि प्रेक्षकांतून टाळी पडली. साहेबांना काउंटरच्या आत गुदगुल्या झाल्या. आयुष्यात इतक्या कमी शब्दांत त्यांनी कुणाला कधी मदत केली नव्हती.

अर्ज मात्र अंगावर पडत होते. प्रत्येक प्रवेशात बाई स्टेजवर बसून अर्ज लिहायची, आणि खरोखर लिहायची, कारण खोटं लिहिणं प्रेक्षकांना कळतं असं ठिणगीचं म्हणणं होतं. मग तो फटीतून आत टाकायची. कागद सरळ साहेबांच्या मांडीवर. पहिल्या अर्जात नाटकातल्या मुलाविषयी होतं. दुसऱ्यात तेच, जरा रागाने. देवाच्या नावाचे अर्ज आणि आत बसलाय कोण, तर आमचे डॉक्टरसाहेब.

शेवटच्या अंकातला अर्ज पडला, तो साहेबांनी सवयीने टॉर्चच्या उजेडात धरला. त्यात मुलगा नव्हता. लिहिलं होतं, 'आमची आई एकोणपन्नास दिवस दवाखान्यात होती. शेवटी तिला पाणीही गिळता येत नव्हतं. तिने कुणाचं काय वाईट केलं होतं?'

साहेबांचे डोळे भरून आले. आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी उत्तरही तयार झालं. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, आपसूक रांगेत येऊन उभे राहिले. तीस वर्षांची सवय ती, जाते कुठे.

वर ठिणगी म्हणाली, "बोल."

हॉल गप्प झाला. साहेबांच्या डोक्यात आकडे सुरू झाले. आठ आले आणि गेले. पंधरा. वीस. कुणीतरी खोकलं. एका खुर्चीचा पाय घासला. तीस. चर्चवाल्यांच्या बाजूने कुजबूज उठली आणि विरली. साहेबांच्या कपाळावरून घाम नाकावर आला. ही अडलीय की वाट बघतेय? फटीतून तिचा डावा हात दिसत होता.  मग तो उचलला गेला. हळूहळू काउंटरच्या कडेकडे आला आणि बोटभर अंतरावर थांबला.

टेकला नाही.

 ओळ साहेबांच्या ओठांवर होती. हे सगळं नाटक, बहिणीची इतक्या वर्षांची मेहनत, बाहेर बसलेले सात वडील, सगळं त्या बोटभर अंतरात अडकलं होतं. आता बोललो नाही आणि ती खरंच विसरली असेल तर? लोक हसतील. प्रयोग फसेल. ती सामान उचलून जाईल. बोललो आणि ती विसरली नसेल तर? तर मी पुन्हा तेच केलं. साहेबांनी खिशातला रुमाल काढला आणि चक्क तोंडात कोंबला. एका हातात बहिणीचा अर्ज, तोंडात रुमाल, आणि ते ऐकत राहिले. आकडे मोजायचं कधी थांबलं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. मनात आई आली. दवाखान्यातली नाही. कणिक मळताना रागावणारी, हात कोपरापर्यंत पांढरे झालेली. सहा वर्षांत ती अशी आली नव्हती. साहेब काउंटरच्या पोटात आवाज न करता रडले.

हात मागे गेला.

"बरं," ठिणगी म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "मी उद्या परत येते."

पडदा पडल्यावर कुणीच टाळी वाजवली नाही. मग एकदम सगळ्यांनी वाजवली, सरहद्दीच्या दोन्ही बाजूंनी, आणि थांबेचनात.

मागच्या खोलीत सातही वडील गोल बसले होते. साहेब आत आले, तेव्हा त्यांच्या केसांत लाकडाचा भुसा होता, पँटीचे गुडघे धुळीने माखलेले, आणि पाठ अजून सरळ होत नव्हती.

"तुमची खुर्ची रिकामी होती," घड्याळवाले म्हणाले.

"मी आत होतो. काउंटरमध्ये. प्रॉम्प्टर आजारी पडल्या."

दोन वडिलांच्या भुवया वर गेल्या. तिसरे म्हणाले, "म्हणजे ज्याचा अहवाल द्यायचा, त्यातच तुम्ही सामील?"

"सामील," साहेब म्हणाले. "त्यामुळे माझं मत धरू नका. पण विचारलंत म्हणून सांगतो, हे नाटक बंद करावं असं मला वाटत नाही."

"का?" घड्याळवाल्यांनी विचारलं.

साहेबांनी तोंड उघडलं. कारणं होती, आठ तरी होती. मग त्यांनी तोंड मिटलं. वडील वाट बघत होते. उपदेशकाला असं गप्प बसलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि कुठे बघावं हे त्यांना कळेना.

शेवटी घड्याळवाल्यांनीच खिशातलं घड्याळ काढलं. "एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद," ते म्हणाले. "मी मोजलं. सवय आहे, काय करणार. डॉक्टरसाहेब, आपल्या उपासनेत मौन प्रार्थना असते. तीही मी दर रविवारी मोजतो. आठ सेकंद. नवव्याला तुम्ही आमेन म्हणता."

साहेब मान खाली घालून ऐकत होते.

"गेल्या वर्षी माझी बायको गेली. तुम्ही घरी आलात. सात मुद्दे सांगितलेत. मनापासून सांगितलेत, मला ठाऊक आहे. त्यातला एकही आठवत नाही." घड्याळवाल्यांनी घड्याळाचं झाकण मिटलं. "आज मात्र ती आली. त्या बाई गप्प उभ्या होत्या तेवढा वेळ. माझी बायको कशी हाक मारायची, ते ऐकू आलं." ते इतर वडिलांकडे वळले. "उद्याचा प्रयोग होईल. परवाचाही. आणि कुणाला हरकत असेल तर त्याने उद्या परत येऊन बघावं आणि मग बोलावं."

कुणी बोललं नाही. मोजलं असतं तर तेही आठ सेकंदांच्या वरच भरलं असतं.

साहेब जवळजवळ धावतच हॉलवर गेले. अध्यक्षांचे शब्द जसेच्या तसे सांगायचे होते, मध्ये एक शब्द आपल्या पदरचा न घालता. स्टेजवर ठिणगी एकटीच होती. काउंटरला टेकून बसली होती आणि चेहऱ्यावरचा रंग पुसत होती. साहेबांनी निरोप सांगितला. तिने मान हलवली, पण बघत राहिली त्यांच्याकडेच.

"मी खरंच विसरले होते रे," ती म्हणाली. "ओळ गेलीच होती डोक्यातून. हात टेकवणारच होते."

"मग टेकवला का नाहीस?"

"वाटलं, बघू या, हा किती वेळ गप्प बसतो ते. आणि तू बसलास. मग तू आत आहेस एवढंच कळत होतं. तेवढं पुरलं मला. ओळ आली."

साहेब तिच्या शेजारी जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"तुझा अर्ज माझ्याकडे आलाय."

"वाचलास?"

"वाचला."

"मग?" ठिणगीने विचारलं. "उत्तर आहे?"

साहेबांनी कागदाकडे बघितलं.  बाहेर कुणीतरी खुर्च्या एकात एक घालून रचत होतं. "नाही," ते म्हणाले.

ठिणगीने डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवलं, सहा वर्षांत पहिल्यांदा.

"बरं," ती म्हणाली. "मी उद्या घरी येते."